मधल्या वयाची वस्तू

माणसाला कसला नाद लागेल याचा नेम नाही. कोणी टपालाची तिकिटे जमवतो, कोणी काड्यापेट्यांवरची चित्रे. कोणाला अत्तराच्या कुप्यांचे वेड असते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी तर अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू गोळा करता करता एक संग्रहालयच उभे केले. लोक ज्या वस्तू मोडीत घालत होते, त्या ते शोधत हिंडत. आज त्या संग्रहापुढे उभा राहणारा प्रत्येक जण म्हणतो, "वा! काय सुंदर अडकित्ता आहे!" पण असे सुंदर दिसू लागण्यापूर्वी प्रत्येक वस्तूच्या आयुष्यात एक वाईट काळ येऊन जातो. तेव्हा ती नवी राहिलेली नसते, आणि जुनी म्हणून मान मिळावा इतकी पिकलेलीही नसते. तेव्हा ती नुसती अडगळ असते. माझा नाद नेमका त्या वयातल्या वस्तूचा. मला एक घरगुती संगणक हवा होता. आजचा नव्हे, चाळीस वर्षांपूर्वीचा.

लोणारला राहून विलायतेहून जुना संगणक मागवायचा म्हणजे काय, असे शेजारी विचारीत. मी म्हणे, आपल्या गावाला बाहेरच्या मालाचे नावीन्य ते कसले? आपली सर्वांत मोठी आयात थेट आकाशातून झाली, आणि तिच्यावर कोणी जकातही घेतली नाही! सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या या विवराची नोंद १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केली. पुढे कितीतरी वर्षे पुष्कळ विद्वान त्याला ज्वालामुखीचे तोंड समजत. ते अशनीच्या आघाताने झाले, याचे भक्कम पुरावे १९७३ साली पुढे आले. त्याच्या वयाचा वाद तर अजून मिटलेला नाही. एका मोजणीने ते सुमारे ५२ हजार वर्षांचे ठरले, तर पुढच्या दुसऱ्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे. संगणकाचे त्या मानाने बरे असते. त्याचे झाकण उघडावे आणि चिपांच्या पाठीवरचे चार आकडे वाचावेत. '८४२३' असे असेल तर ती चीप १९८४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाली. एवढी चोख जन्मपत्रिका आमच्या घरात कोणाचीही नाही.

मला हवे होते ते यंत्र म्हणजे बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ च्या अखेरीस बाजारात आणले. १९८४ साली आपल्या केंद्र सरकारने शाळांत संगणकशिक्षण सुरू करण्यासाठी 'क्लास' नावाची योजना काढली, आणि आरंभी सुमारे २५० शाळांसाठी हेच यंत्र निवडले. मी विज्ञानाचा मास्तर. एका प्रशिक्षणवर्गात मला ते प्रथम दिसले. चपला बाहेर काढून आत जायचे, यंत्रावरचे कापड अलगद बाजूला करायचे. एकेका यंत्रामागे दहा-बारा शिक्षक, आणि प्रत्येकाला घड्याळ लावून दहा मिनिटे. शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकाने सांगितले की या यंत्राला हवे ते नवे अक्षर शिकवता येते. मी लगेच देवनागरी 'लो' काढायला घेतला. निम्मा झाला आणि माझी पाळी संपली. पुढे नोकरी झाली, निवृत्ती झाली. पण तो निम्मा 'लो' काही डोक्यातून जाईना.

आधी मी स्वदेशी शोध घेतला. ही यंत्रे आपल्याकडेही झाली होती. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने एकॉर्नच्या परवान्याने 'युनिकॉर्न' नावाने ती बनवली होती. तेव्हा एखाद्या शाळेच्या कोठीत एखादे यंत्र नक्की सापडेल असा माझा हिशेब. चार ठिकाणी हिंडलो. एका शाळेत शिपायाने आठवण करून सांगितले, "होते जी सर. रद्दीबरोबर गेले. किलोवर." ज्या यंत्राला शिवण्यासाठी आम्ही चपला काढल्या, ते तराजूवर चढून गेले होते! तेव्हा माझ्या मनाने घेतले की आता बाहेरूनच आणायचे.

बाहेरचे घ्यायचे तर निवड आली. चाहत्यांत तीन यंत्रांचे नाव फार: अमेरिकेचे कमोडोर ६४, इंग्लंडचे सिंक्लेअर स्पेक्ट्रम आणि आमचे बीबीसी. अमेरिकेत विकलेले यंत्र तिथल्या ११० व्होल्टांचे, आणि त्याचे चित्र आपल्या टीव्हीच्या पद्धतीशी जुळत नाही. इंग्लंडची वीज आपल्यासारखी, आणि तिथली रंगीत चित्राची 'पाल' पद्धतही आपण १९८२ साली उचलली तीच. म्हणजे माळ्यावरचा आमचा जुना टीव्ही चालणार होता. स्पेक्ट्रम तर रबरी कळांचे, वीतभर लांबीचे देखणे पोर. बॅगेच्या कोपऱ्यात सहज मावेल असे. बीबीसी मात्र धिप्पाड. पण त्याच्या मुख्य चिपांपैकी बऱ्याचशा खोबणीत बसवलेल्या असतात. बिघडली तर काढा आणि दुसरी बसवा. आणि खरे सांगायचे तर स्पेक्ट्रमवर माझे काही निम्मे राहिलेले नव्हते.

विक्रीच्या जाहिराती वाचणे हीही एक विद्या आहे. वधूवरसूचक मंडळाच्या वहीत 'मुलगा स्वतंत्र विचारांचा' असे लिहिलेले असले की जाणता माणूस जसा सावध होतो, तसे इथे 'तपासलेले नाही' या शब्दांना भ्यावे. त्याचा अर्थ बहुधा 'तपासले, चालत नाही' असा असतो. इंग्लंडात असलेल्या माझ्या मुलीने एका निवृत्त शिक्षकाकडे जाऊन, यंत्र सुरू करून पाहून, दीडशे पौंडांच्या आत सौदा केला. पेटीच्या पाठीवर कुठल्याशा शाळेचा क्रमांक रंगवलेला होता. तिथेही ते मुलांच्याच हातून गेलेले होते तर!

आता कायदा. वापरलेला संगणक मागवायचा तर सरकारी परवाना लागतो. जगाची अडगळ इथे येऊन पडू नये हा त्यातला हेतू, आणि तो योग्यच आहे. उलट, १९७२ च्या कायद्याने वस्तूला शंभर वर्षे झाली की ती 'पुराणवस्तू' होते आणि तिला राजाश्रय मिळतो. माझे यंत्र १९८४ चे. म्हणजे त्याला मान मिळायला २०८४ साल उजाडावे लागेल, आणि तोपर्यंत त्याची गणना भंगारात! प्रवाशाने आपल्या सामानातून, ठरलेल्या मर्यादेत, उघड दाखवून आणलेल्या वस्तूची गोष्ट मात्र निराळी. मुलगी दिवाळीला येणारच होती. तिने आपल्या बॅगेतून निम्मे कपडे काढले आणि यंत्राला जागा केली.

मुंबईच्या विमानतळावर ती स्वतःहून कस्टमच्या टेबलाशी गेली.

"हे काय?"

"संगणक."

"केव्हाचा?"

"माझ्या जन्माच्या आधीचा."

"चालतो?"

"चालतो. पण खरा बाबाच चालवतील."

अधिकाऱ्याने पावती पाहिली, यंत्राकडे पाहिले, आणि बॅग बंद करायला सांगितली. घरी आल्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "पोरी माहेरी येतात त्या साड्या घेऊन, आमची आली ती खोके घेऊन!"

खोके लगेच सुरू करायचे नव्हते. या यंत्राच्या वीजपुरवठ्यात दोन कागदी कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षांनी त्यांच्या कवचाला बारीक तडे जातात, दमट हवा आत शिरते, आणि मग एक दिवस फाट् आवाज होऊन घरभर धूर कोंदतो. गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने झाकण उघडताच ते ओळखले. "सर, हे आधी काढून टाका. आज नाहीतर उद्या धूर काढीनच." मग थोडे थांबून म्हणाला, "पण हे कायले आणलं एवढ्या दुरून?" मी काही बोलायच्या आत त्यानेच आतली मांडणी न्याहाळली आणि स्वतःशीच म्हणाला, "हे दुरुस्त करता येते. आताचं काहीच करता येत नाही." नवे कपॅसिटर बसवल्याचे पैसे त्याने घेतले नाहीत, सुरू होताना बोलवा म्हणाला.

यंत्र सुरू झाले. आधी एक खर्जातला सूर, मग एक बारीक 'बीप', आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे. स्मृती सारी ३२ किलोबाइट. हा लेख आजच्या पद्धतीने साठवला तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. तेवढ्यानेच निम्म्याहून अधिक यंत्र भरून जाईल. पण ह्या एवढ्याशा यंत्राची बेसिक भाषा लिहिणाऱ्या सोफी विल्सन आणि त्याच्या जडणघडणीत असलेले स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे 'आर्म' नावाची चीप आखली. तिचा आराखडा पडताळून पाहायला बीबीसी मायक्रोच वापरला. २६ एप्रिल १९८५ ला ती प्रथम चालली, आणि आज तिचेच वंशज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. शेजाऱ्यांना मी तेव्हापासून हेच सांगतो: तुमच्या खिशातल्या वस्तूचे हे आजोळ.

मग मी 'लो' काढायला बसलो. पद्धत अशी: आठ ओळी, प्रत्येकीत आठ ठिपके. डावीकडून ठिपक्यांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. जे ठिपके पेटवायचे त्यांची बेरीज करायची. असे आठ आकडे यंत्राला दिले की अक्षर तयार. मी चौकटीच्या कागदावर खोडरबर घेऊन घाम गाळत होतो. सौभाग्यवती चहा ठेवायला आल्या, कागदाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, ही तर आठ ठिपके आठ ओळींची रांगोळी!" त्यांनी पेन्सिल घेतली. शिरोरेषेचे आठही ठिपके भरले. त्यांची बेरीज २५५. 'ल'चे दोन डोळे, काना, 'ण'चा दांडा, 'र'ची तिरपी शेपटी. अंगणात चाळीस वर्षे ठिपके जोडलेला हात. त्याला कुठे थांबायचे हे ठाऊक होते. अर्ध्या तासात पाच चौकटी झाल्या. बेरजा माझ्या, अक्षरे त्यांची. पडद्यावर 'लोणार' उमटले तेव्हा टीव्हीवाला, मुलगी आणि शेजारची चार पोरे असे सगळे आम्ही दाटीवाटीने उभे होतो. पोरांनी लगेच आपापली नावे मागितली. मी कोणालाच घड्याळ लावले नाही.

आता ते यंत्र माझ्या टेबलावर असते. महिन्यातून एकदा तरी ते सुरू करतो. चालती वस्तू कोणी सहसा किलोवर घालत नाही. २०८४ पर्यंत ते कोण सांभाळील हे मला सांगता येणार नाही. पण गेल्या लक्ष्मीपूजनाला जमाखर्चाच्या वहीशेजारी पाट मांडून सौभाग्यवतींनी त्यालाही हळदकुंकू वाहिले, आणि अंगणातल्या रांगोळीत, एका कोपऱ्यात, आठ ठिपके आठ ओळींचा एक 'लो' मला दिसला.