काही होत नसतानाच जायचं

आम्ही तीन पिढ्या हैदराबादेत असलो तरी मूळ गाव उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये. १९५६ पर्यंत तो भाग हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे जाणं-येणं कधी तुटलं नाही.

तिथली माझी चुलत बहीण, आमची ताई, १९९४ साली गेली. वय बावन्न. पाळी बंद होऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. वर्षभर कुणाला बोलली नाही. पहाटे उठून आपले कपडे आपणच धुवायची. दवाखान्यात नेलं तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पार पसरलेला. शेवटचे सहा महिने तिचं सगळं वहिनीनं, म्हणजे तिच्या भावजयीनं केलं.

पुढे १९९९ पासून त्याच जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, सगळ्या चालत्याफिरत्या. गावांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात पातळ ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, चौथ्यात फक्त माहिती. मी बँकेतला माणूस, आधी आकडे बघतो. आठ वर्षांत एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ या कॅन्सरने गेल्या. चौथ्या भागात बायका कमी, ३१,४८८, आणि गेल्या ६४. तपासणी आयुष्यात एकदाच झाली होती! (त्या चौथ्या भागातल्या बायकांचं मात्र मनाला लागून राहतं.)

कारण असं, की विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षं जातात. मधल्या काळात दुखत नाही, खुपत नाही, पण पेशी बदललेल्या दिसतात आणि तेवढा भाग तिथल्या तिथे नष्ट करता येतो.

वहिनी तेव्हा चाळिशीची. गावात तपासणीची गाडी आली तेव्हा बायका दारं लावून बसल्या. ही मात्र गेली, नणंदेचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. तिला डाग निघाला, गोठवून काढला. "भाऊजी, पाच मिनिटं लाज वाटली बघा, बाकी काही नाही," म्हणाली. आज पासष्टी ओलांडली, अजून शेतात जाते.

आमच्या मंडळातल्या बायकांचं उत्तर ठरलेलं: "मला काय झालंय?" अहो, शाखेची तपासणी काय चोरी झाल्यावरच होते का? आमच्याकडे इन्स्पेक्टर न सांगता यायचे, रोकड जुळत असली तरी मोजायचेच. तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी ही एचपीव्ही तपासणी करावी, असं आरोग्य संघटना सांगते. साठी आली आणि एकदाही केली नसेल, तर "आता काय करायचं" म्हणण्याआधी डॉक्टरीणबाईंना विचारावं. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर वाट बघायचीच नाही.

हे मी पुरुषाने कोणापुढे बोलायचं? म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या हिने विषय काढला. तेवीस नावं आली, प्रत्यक्ष गेल्या अकरा. आमच्या सूनबाई त्यांत होत्या. उरलेल्या बाराजणींसाठी पुढच्या महिन्यात वहिनीला गावाहून बोलावलंय. ती कुणाला लाजत नाही.