विण्याचा पहारा

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी तुकोबांची एक तसबीर आहे. कुठल्याशा किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरून आजीनं ती कापून घेतली होती आणि बीडच्या बाजारातून तिला काच लावून आणली होती. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, छातीशी वीणा, मान किंचित एका अंगाला कललेली. आजीच्या बोटानं रोज लागणाऱ्या बुक्क्याचा ठिपका काचेवर असा काही बसलाय की आता पुसूनही जात नाही. त्या चेहऱ्याला मी कळायला लागल्यापासून हात जोडत आलो. तो चेहरा विष्णुपंत पागनीस नावाच्या एका गायक नटाचा आहे, हे कळायला मात्र वयाची बावीस वर्षं जावी लागली.

आमचं गाव पाटोदा आणि शिरूर कासारच्या मधल्या डोंगरपट्ट्यातलं, बालाघाटाच्या कुशीतलं. पाऊस बेभरवशाचा, जमीन मुरमाड. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागायच्या आणि अर्धं गाव ऊसतोडीला निघून जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. आमच्या घरचाही एक कोयता जायचा, म्हणजे माझी माय आणि बाप. उचल आधीच घेतलेली असायची, ती फेडायला पाच-सहा महिने फडात. कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. मागं उरायची म्हातारी माणसं आणि आमच्यासारखी लेकरं.

आणि नेमका याच दिवसांत, फाल्गुनात, तुकाराम बिजेचा सप्ताह यायचा. बीड जिल्ह्यात सप्ताह म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड, या गडांच्या सावलीत वाढलेला हा मुलूख. पैठणहून निघणारी नाथांची पालखी आणि मुक्ताईची पालखी याच मातीतून पंढरीला जातात. घरात दाणे नसले तरी सप्ताहाची वर्गणी निघते. पण बिजेच्या सप्ताहाला आमच्या गावात तरणी माणसं नसायचीच. टाळकरी म्हातारे, मृदंगावर एक शाळकरी पोरगा, आणि पंगतीला वाढायला आज्या.

या सप्ताहात विण्याचा पहारा असतो. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, आधी त्याच्या पाया पडतो आणि मग वीणा आपल्या गळ्यात घेतो. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याला सगळे वाकतात. त्या घटकेला त्याची जात, वय, कर्ज, भांडणं कोणी बघत नाही. वर्षभर ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद, त्याच्याही पायांवर डोकं ठेवताना मी आमच्या आजोबांना पाहिलंय. पहारा संपला, वीणा दुसऱ्याकडं गेली, की तो माणूस उठून ढोरांना पाणी दाखवायला जातो. पागनीसांचा विचार करताना मला ही गोष्ट वारंवार आठवते.

१९८८च्या सप्ताहात बिजेच्या आदल्या रात्री पोरांच्या हट्टासाठी तालुक्याहून व्हिडिओ आणला होता. देवळापुढच्या पटांगणात टेबल, टेबलावर टीव्ही, देवळाच्या मागं जनरेटर. प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला. सुरुवातीलाच तुकोबा डोळे मिटून गाताना दिसले आणि आजी उठली. चपला तिनं आधीच लांब काढल्या होत्या. टीव्हीच्या काचेला बुक्का लावला, नमस्कार केला आणि जागेवर येऊन बसली. तिच्या मागोमाग चार-पाच म्हाताऱ्या उठल्या. व्हिडिओवाला ओरडला नाही. त्याला सवय असावी. आजीनं हा सिनेमा पूर्वी एका जत्रेत तंबूतल्या थेटरात पाहिला होता. तिथंही लोक पायताणं बाहेर काढून बसायचे, असं ती सांगायची.

शिकल्यासवरल्या माणसांनी याला भाबडेपणा म्हटलेलं मी पुढं ऐकलं. मला ते कधीच पटलं नाही. आजीला नट आणि संत यांतला फरक कळत होता. टीव्हीतला माणूस सोंग घेऊन उभा आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच्या गळ्यात वीणा होती आणि त्याचा पहारा चालू होता. तिच्या लेखी एवढं पुरेसं होतं.

पुढं पुण्यात शिकायला असताना चित्रपट संग्रहालयात हाच सिनेमा पडद्यावर बघायला मिळाला. आधी माहिती सांगणाऱ्या बाईंनी पागनीसांचं नाव घेतलं आणि मला एकदम लाज वाटली. ज्याच्या चेहऱ्यासमोर रोज उदबत्ती लावली, त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. तेव्हापासून त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

पागनीस १८९२चे, चिकोडीचे. म्हणजे तेव्हाच्या आणि आताच्याही बेळगाव जिल्ह्यातले. लहानपणीच नाटक कंपनीत गेले. ‘स्वदेश हितचिंतक’मध्ये स्त्री-भूमिका केल्या. पुढं मुंबईत संगीतशिक्षक झाले आणि भजनं गाणारा माणूस म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. चाळिशी उलटल्यावर प्रभातनं त्यांना तुकोबांसाठी बोलावलं. दामले आणि फत्तेलाल हे दिग्दर्शक, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. स्त्री-भूमिकांत मुरलेला हा नट, त्याच्या हालचालींत तो नाजूकपणा राहिलेला, म्हणून आधी शंका घेतली गेली असं सांगतात. मला वाटतं, त्याच नाजूकपणानं सिनेमा तारला. या तुकोबांच्या हातांत मालकी नाही. ते बायकोशी बोलतात, त्यांच्यावर जळणाऱ्या सालोमालोशी बोलतात, त्यांना भुलवायला पाठवलेल्या नर्तकीशी बोलतात, तेव्हा समोरच्याला दाबण्याची भाषा त्यांच्या अंगात कुठंच दिसत नाही. पुरुषाचा असा देह पडद्यावर मी फार क्वचित पाहिलाय.

१२ डिसेंबर १९३६ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात चित्रपट लागला आणि वर्षाहून अधिक काळ तिथंच चालला. १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तेव्हा आमचं बीड निजामाच्या राज्यात होतं. पुढं १९४८च्या सप्टेंबरपर्यंत ते तसंच राहिलं.

पण मला बोलायचंय ते त्यांच्या गाण्याबद्दल. तो काळ नाट्यसंगीताचा. तानेवर टाळी, टाळीवर वन्स मोअर. पागनीस त्याच मुशीतले, गळा तयार, हवं ते त्यांना करता आलं असतं. त्यांनी केलं नाही. नीट ऐकलं तर कळतं, शब्द सुटा आणि स्वच्छ येतो, ओळ संपते तिथं सूर संपतो. तो लांबवून लोकांसमोर धरत नाहीत. ताल भजनाचाच, चिपळ्यांच्या अंगानं चालणारा. श्वास घेताना त्यांचे खांदे वर येत नाहीत. चेहऱ्यावर हसू येतं, पण ते समोरच्यांसाठी आहे असं वाटत नाही. आमच्याकडं भजनात एखादा फार हरकती घ्यायला लागला की म्हातारे म्हणतात, “अभंग म्हण, गाऊ नको.” पागनीसांनी अभंग म्हटला.

या चित्रपटातलं बीज आणि झाड यांच्यावरचं गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं. ते तुकोबांचंच, असं भल्याभल्यांना वाटलं आणि गाथ्यात त्याचा शोध घेतला गेला, हे सर्वश्रुत आहे. आठवल्यांच्या शब्दांचं जे झालं, तेच पागनीसांच्या चेहऱ्याचं झालं. दोघंही तुकोबांत मिसळून गेले.

आठवले पुढं इतर गाणी लिहू शकले. पागनीसांना मात्र वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देता आली नाही. १९३९ला तुलसीदास, १९४०ला नरसी भगत, मग विदुर. संत किंवा सत्पुरुष. लोकांना त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. सप्ताहातला विणेकरी पहारा संपवून घरी जातो, चिलीम ओढतो, लेकरावर ओरडतो. यांना तेवढीही मोकळीक राहिली नसावी. १९४३मध्ये, पन्नाशीतच ते गेले. तुकोबांनंतर जेमतेम सात वर्षं. या सात वर्षांचं मला वाईट वाटतं. त्यांना एखादा रागीट बाप, एखादा कर्जबाजारी शेतकरी करायला मिळायला हवा होता.

माझ्या मायनं हा सिनेमा पाहिलेला नव्हता. बिजेला ती दरवर्षी फडातच असायची. पाचटाच्या कोपीत पहाटे तीनला उठायचं, भाकरी थापायच्या, अंधारात कोयता लावायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. आता गुडघे गेलेत, त्यामुळं ती घरीच असते. परवाच्या बिजेला मी तिला मोबाइलवर तो लावून दिला. पडद्याला डोळे लावून तिनं पाहिला.

तिचा जीव लागला तो तुकोबांच्या बायकोत, आवलीत. ही भूमिका गौरीबाईंची. आजारी लेकराला ओढत, हातात पायताण घेऊन ती विठोबाला जाब विचारायला देवळात निघते, तिथं माय ताठ बसली. म्हैस, चूल, लेकरं, रिकामी मडकी. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि आवलीला बोलवतात. ती स्वयंपाकातून उठत नाही. विमान निघून जातं तेव्हा ती धावत बाहेर येते. मी मायकडं बघितलं. तिनं डोळे पुसले नाहीत. म्हणाली, “कशी जाईल बया? लेकरं जेवायची होती.”

मग बराच वेळ ती गप्प होती. मोबाइल मांडीवर उलटा ठेवलेला. देव्हाऱ्याकडं बघत म्हणाली, “हा तोच की आपला.”

मी म्हणालो, “होय. पागनीस त्यांचं नाव. विष्णुपंत पागनीस.”

“इष्णुपंत,” तिनं म्हणून पाहिलं. “कुठला रं?”

“चिकोडीचा. कर्नाटकात.”

तिचा चेहरा एकदम उजळला. “चिकोडी? आरं, तिथं आम्ही दोन सिझन काढले. तू आजीपाशी होतास. लई ऊस. आन् पाणी गोड होतं तिथलं, विहिरीचं.”

उठून तिनं बुक्क्याची डबी घेतली.