दहावा क्रमांक

आमच्या म्हसवडास कोणी परगावचा पाहुणा आला आणि बोलण्याच्या ओघात खेळांचा विषय निघाला, की एक प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्या माण तालुक्यातल्या त्या ललिता बाबर, ऑलिंपिकमध्ये त्यांचा कितवा नंबर आला होता हो?" दहावा, असे सांगितले की पाहुणा "अस्सं का" म्हणतो आणि चहाच्या कपाकडे वळतो. या "अस्सं का"चा मला मनस्वी राग येतो. वस्तुतः पाहुण्याचा दोष नाही. निकालातील पहिली तीन नावे वाचून वर्तमानपत्राची घडी घालावी, अशीच आपणां सर्वांची सवय आहे. तथापि आपल्या शाळेतील मुलामुलींनी व त्यांच्या पालकांनी तरी हा दहावा क्रमांक म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे, एवढ्यासाठी हे चार शब्द लिहीत आहे.

ललिताताईंचे गाव मोही. ते आपल्याच तालुक्यातले. जन्म २ जून १९८९ चा आणि घर शेतकऱ्याचे. माणदेशातील शेतकऱ्याचे घर म्हणजे काय, हे येथील वाचकांस निराळे सांगावयास नको. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरास पाऊस धो धो कोसळतो, त्याच जिल्ह्यात आम्ही माणगंगेच्या कोरड्या वाळूकडे पाहत ढगांची वाट पाहतो. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडास जनावरांची छावणी पडली होती, ती पुष्कळांस आठवत असेल. गुरांबरोबर माणसेही तेथे दिवस काढीत होती. त्याच सुमारास मोहीची ही मुलगी मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिली येत होती! २००५ साली पुण्यास वीस वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना पहिले सुवर्णपदक मिळाले होते. तेथून मुंबईतील ओळीने तीन विजयांपर्यंत पोहोचावयास त्यांना जवळजवळ नऊ वर्षे लागली. ही मधली नऊ वर्षे कोणत्याही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर सापडत नाहीत.

आता गंमत पाहा. बेचाळीस किलोमीटरांच्या शर्यतीत देशात नाव झाले असताना त्यांनी २०१४ साली ती वाट सोडली आणि 'स्टीपलचेस' नावाची तीन हजार मीटरांची शर्यत धरली. तिशीकडे झुकत असलेल्या वयात जमलेला धंदा मोडून नवा मांडण्यासारखेच हे होते. बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्या हाताखाली त्या तयारी करू लागल्या.

ही शर्यत मोठी विलक्षण आहे. पूर्वी इंग्लंड-आयर्लंडकडे घोडेस्वार एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत वाटेतले बांध व ओढे ओलांडीत दौड करीत. त्यावरून हे नाव पडले. पुढे घोड्याच्या जागी माणूस पळू लागला. वाटेत अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळे ओलांडावयाचे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. स्त्रियांसाठी अडथळ्याची उंची अडीच फूट. ती फार वाटत नाही; परंतु साध्या अडथळा-शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो, हा पडत नाही. पाय लागला तर पडावयाचे ते माणसाने. पाण्याचा खड्डा बारा फूट लांब, अडथळ्यापाशी खोल आणि पुढे उथळ होत गेलेला. भिजलेल्या बुटांनी, धाप लागलेली असता, पुन्हा वेग धरावा लागतो. ज्या तालुक्यात बायका हंडाभर पाण्यासाठी मैल तुडवतात, तेथील मुलीने पाणी ओलांडण्याच्या शर्यतीत नाव काढावे, याचे मला राहून राहून नवल वाटते.

त्याच वर्षी दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आशियाई खेळांत त्यांना कांस्यपदक मिळाले. पुढच्या वर्षी चीनमध्ये वुहान येथे आशियाई अजिंक्यपद, आणि बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवा क्रमांक. लोक त्यांना 'माणदेशी एक्सप्रेस' म्हणू लागले.

मग आले २०१६ सालचे रिओ ऑलिंपिक. प्राथमिक फेरीत ललिताताई ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत धावल्या. तो नवा राष्ट्रीय विक्रम होता, आणि त्या अंतिम फेरीत गेल्या. धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या भारतीय स्त्रिया यापूर्वी किती? तर १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांनी ती गाठली होती, व सेकंदाच्या शंभराव्या भागाने त्यांचे पदक हुकले होते. त्यानंतर बत्तीस वर्षे कोणी नाही. (याच प्राथमिक फेऱ्यांत इथिओपियाच्या एतेनेश दिरो यांचा बूट गेला, त्यांनी तो नाद सोडून अनवाणी पायाने शर्यत पुरी केली, आणि पंचांनी त्यांनाही अंतिम फेरीत घेतले. मुलांनी ही हकीकत लक्षात ठेवावी.)

अंतिम शर्यत १५ ऑगस्टला झाली. सकाळी ध्वजवंदन झालेले, संध्याकाळी आम्ही पाचपंचवीस माणसे एका दूरदर्शनसंचासमोर दाटीवाटीने बसलो होतो. अठराजणी धावल्या. बहरीनच्या रुथ जेबेत यांनी नऊ मिनिटांच्या आत शर्यत संपविली आणि ललिताताई ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत दहाव्या आल्या. विजेतीहून तेवीस सेकंद मागे. साऱ्या पृथ्वीवरील स्त्रियांत मोहीच्या मुलीच्या पुढे त्या दिवशी फक्त नऊजणी होत्या! खोलीत मात्र कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. "पदक गेलं," एवढेच एक वृद्ध गृहस्थ म्हणाले. जे मुळी हातात नव्हते ते गेले कसे, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

खेळाडूचा उमेदीचा काळ फार थोडा असतो. रिओनंतर वर्षभरातच, २०१७ साली, ललिताताईंचे लग्न झाले व त्या मोठ्या स्पर्धांतून बाहेर पडल्या. स्टीपलचेसचा त्यांचा बहर मोजला तर पुरती तीन वर्षेही भरत नाहीत. त्यांचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे टिकला. २०२३ साली मेरठकडील पारुल चौधरी यांनी तो बुडापेस्ट येथे मोडला. दरम्यान अर्जुन पुरस्कार मिळाला होता, रेल्वेची नोकरी होती, आणि पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांना महसूल खात्यात अधिकारी नेमले. रायगड जिल्ह्यातील माणगावास त्यांनी तहसीलदाराचे काम पाहिले. आपल्याच जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक आणले होते. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्या मानाने काळ थोडा सुधारला म्हणावयाचा.

मागील महिन्यात एक पालक मला भेटले. त्यांची मुलगी आठवीत आहे आणि बरी धावते. "मास्तर, पळून पळून पुढं काय?" असे त्यांनी विचारले. वरील सर्व हकीकत मी त्यांना सांगितली. पण नोकरी मिळेलच असे काही सांगितले नाही. पळणाऱ्या शंभर मुलींतील पुष्कळ मुली कोणत्याच निकालात दिसत नाहीत, म्हणून गणिताचा तास बुडवू देऊ नका, हेही बजावले. ते बराच वेळ गप्प बसले. मग पळण्याचे बूट साताऱ्यास मिळतील का, आणि साधारण काय पडतील, एवढेच त्यांनी विचारले.