आधी गोठा, मग सुई

२०२२ च्या पावसाळ्यात लंपी आली तेव्हा मी बारावीत होते. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात गाठींनी भरलेल्या अंगाची जनावरं दारोदार दिसायला लागली. बैलबाजार बंद झाले. माणसं एकमेकांच्या गोठ्यात जाईनाशी झाली. आमची लाल कंधारी गाय तगली, तिचं वासरू मात्र गेलं. त्या दिवसांत सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सकाळपासून अंधार पडेपर्यंत लस टोचत फिरत होते. लस होती शेळ्यांच्या देवीची. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले, म्हणून ती गाईलाही चालते, हे त्यांनी वडिलांना ओसरीवर बसून समजावलं. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. पुढे नीटचे गुण आल्यावर पशुवैद्यकीयला पहिली पसंती दिली ती त्या ऐकण्यामुळे.

परभणीचं पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय १९७२ चं. त्याच साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ होता. चाऱ्यावाचून जनावरं कशी सोडून द्यावी लागली ते आजोबा अजून सांगतात. सुरुवातीला कृषी विद्यापीठाचा भाग असलेलं हे महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मी चौथ्या वर्षाला आहे.

पहिल्या वर्षाचं शरीररचनाशास्त्र सगळ्यांचाच दम काढतं. हाडं पाठ करताना रात्र पुरत नाही. पण मला त्या वर्षानं दिलेली खरी गोष्ट दुसरीच होती : पशुधन उत्पादन व व्यवस्थापन. भल्या सकाळी फार्मवर जायचं, वासरांचं वजन घ्यायचं, चारा मोजायचा, धार काढायची, शेणाकडे नीट पाहायचं. वर्गातल्या बऱ्याच जणांना हा विषय हलका वाटे. शस्त्रक्रिया आणि औषधं म्हणजेच डॉक्टरकी, असं त्यांचं मत. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. पशुवैद्यकाच्या पदवीच्या नावात 'पशुसंवर्धन' हा शब्द आहे, तो शोभेसाठी नाही.

जनावर बोलत नाही, म्हणून गोठ्याला विचारायचं, हे आम्हाला दवाखान्यात शिकवलं. मालक आला की आधी प्रश्न. कधी व्याली? रवंथ करते का? पाणी कुठलं पाजता? कालपासून चाऱ्यात काय बदललं? शेजारच्या गोठ्यात कुणाला असं झालंय का? मग डाव्या भकाळीवर मूठ दाबून कोटीपोटाची हालचाल मोजायची. निरोगी गाईत दोन मिनिटांत दोन-तीन लाटा हाताला लागतात. थर्मामीटर, डोळ्यांची आतली कड, गोचिडं, कास. सुई सगळ्यात शेवटी.

गेल्या पावसाळ्यात फिरत्या दवाखान्याबरोबर गेले होते तेव्हा याचं मोल कळलं. ऑगस्टात पावसानं मोठी ओढ दिली होती. एका वस्तीवर एक गाय मरून पडलेली, दुसरी धापा टाकत, तोंडातून फेस, पाय थरथरत. "पान लागलं बाई," म्हातारे काका सांगत होते, "दोघींना एकाच जागी." घरातल्या बाया रडत होत्या. सरांनी साप कुठे दिसला ते विचारलंच नाही. विचारलं एवढंच, की गाई कुठल्या रानातून आल्या. धाकट्या पोरानं बोट दाखवलं. तिकडे पावसाअभावी खुरटलेली गुडघाभर ज्वारी होती आणि शेंडे खाल्लेले होते.

गाईचं रक्त लालभडक होतं. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइडचं विष सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीरातल्या पेशींना तो वापरता येत नाही. ताण बसलेल्या आणि कापणीनंतर नव्यानं फुटलेल्या ज्वारीत हे विष जास्त. सरांनी शिरेतून आधी सोडियम नायट्राइट आणि पाठोपाठ सोडियम थायोसल्फेट दिलं. मी गाईचं डोकं धरून बसले होते. हळूहळू तिचा श्वास लांबला, मग तिनं मान सावरली. उभी राहिली तेव्हा काकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

निघण्याआधी सरांनी मला बोलायला लावलं. ज्वारी फुलोऱ्यावर येईपर्यंत जनावरं तिकडे जाऊ देऊ नका, चारा कापून उन्हात चांगला सुकवून मगच घाला, एवढं मी सांगितलं. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम ते होतं. सुईनं एक गाय वाचली, या सांगण्यानं पुढच्या कितीतरी वाचतील.

मला पशुधन विकास अधिकारी व्हायचं आहे. एमपीएससीची तयारी सुरू आहे. शहरात कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात पैसा जास्त आहे हे मला माहीत आहे आणि ते कामही गरजेचं आहे. पण लाल कंधारी, देवणी, मराठवाडी म्हैस, उस्मानाबादी शेळी ही आपल्या कोरड्या मुलखात टिकलेली जनावरं आहेत. त्यांना जाणणारा डॉक्टर जिंतूर, पालम, सोनपेठसारख्या तालुक्यांत हवा.

शेतकरी बंधू-भगिनींना माझं एकच सांगणं आहे. जनावर आडवं पडायची वाट पाहू नका. चारा तोंडात घेईना, रवंथ करीना, असं दिसलं की १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा, आणि डॉक्टर येईपर्यंत त्यानं कालपासून काय काय खाल्लं ते आठवून ठेवा.