लॅमिंग्टन रस्त्यावरचा मेळ

सांगलीहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी दादरला येते. तेथून पश्चिम रेल्वेच्या धिम्या लोकलने ग्रँट रोड गाठावे आणि पूर्वेकडे काही मिनिटे चालावे, म्हणजे लॅमिंग्टन रस्ता लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे हे नाव. पाटीवर आज ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असे आहे. व्यापाऱ्यांच्या तोंडी मात्र जुनेच नाव टिकले. ‘शोले’ ज्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला, ते याच रस्त्यावर होते. आता हा रस्ता ओळखला जातो तो संगणकाच्या सुट्या भागांची पेठ म्हणून.

सांगलीचे एक कापड व्यापारी आपल्या कन्येसह या पेठेत आले. कन्या संगणकावर दागिन्यांची त्रिमित संकल्पचित्रे करते. नोकरी सोडून तिला घरीच स्वतःचे काम उभे करावयाचे होते आणि एका सराफी पेढीचे पहिले काम दिवाळीपूर्वी पूर्ण करून द्यावयाचे होते. त्यासाठी वडिलांनी दोन लाखांची मुदत ठेव मोडली होती. काटकसर म्हणून दुकानातील जुन्या संगणकाचे डीडीआर४ मेमरीचे चार तुकडेही त्यांनी पिशवीत बरोबर आणले होते.

“भाऊ, हे घरचेच आहेत. एवढे वजा करून हिशेब मांडा,” ते म्हणाले.

दुकानदाराने नव्या डीडीआर५ मेमरीचा एक तुकडा काढून जुन्याशेजारी ठेवला. लांबी तीच, पिनाही २८८. पण मधली खाच थोडी सरकलेली. “काका, निवडलेला प्रोसेसर एएम५ खोबणीचा आहे. त्याच्या मदरबोर्डवर डीडीआर४ बसतच नाही. ताई, तुम्ही आधी काम सांगा, मग भाग निवडू.”

कन्येने सांगितले. दागिना घडविताना प्रोसेसरच्या एकेका गाभ्याचा वेग लागतो, तर त्याचे झगमगते अंतिम चित्र तयार करताना अनेक गाभे किंवा सक्षम ग्राफिक्स कार्ड. त्यानुसार वही उघडली गेली. मेमरी ६४ जीबी हवी होती. परंतु १६ चे चार तुकडे घेतल्यास एएम५ वर वेग बराच उतरतो, म्हणून ३२ चे दोन ठरले. प्रोसेसरवर १७० वॉट लिहिलेले असले, तरी पूर्ण भारावर तो २३० पर्यंत जातो. ग्राफिक्स कार्डचे २५० आणि इतर १०० मिळून बेरीज ५८० झाली. तेव्हा वीजपुरवठ्याचे एकक ७५० वॉटचे. मदरबोर्ड प्रोसेसरच्या आधी बाजारात आलेला असल्याने त्याचे बायोस अद्ययावत करूनच देण्याचे ठरले.

शेवटी वडिलांनी एक देखणा, स्वस्त कॅबिनेट पसंत केला. कन्येने टेप लावली. आत ३०० मिलिमीटर जागा आणि कार्ड ३३० चे. “अण्णा, ताग्याचा पन्हा न बघता तुम्ही कापड घेता का?” तिने विचारले. वडील हसले आणि थोडा महाग, पण मोठा कॅबिनेट घेतला गेला. दुकानदाराने प्रत्येक भागाचा अनुक्रमांक घालून पक्के बिल केले. हमीच्या काळात तोच कागद कामी येतो.

निघताना त्याने एक सूचना दिली. “ताई, पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहील. यंत्र मेमरीची ओळख करून घेत असते. घाईने वीज बंद करू नका.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगलीच्या घरी जोडणी पूर्ण झाली. कळ दाबताच पंखे फिरू लागले, पडदा मात्र काळाच. एक मिनिट गेले, दोन गेले. मोडलेली ठेव डोळ्यांपुढे येऊन वडिलांचा हात नकळत बटणाकडे गेला. “अण्णा, थांबा,” कन्या म्हणाली. हात मागे आला. आणखी थोड्या वेळाने पडदा उजळला आणि मेमरीपुढे ६४ जीबी हा आकडा उमटला.

व्यापाऱ्याने पिशवीतील जुने चार तुकडे काढून पुन्हा दुकानाच्या संगणकात बसविले. तेथे ते अजूनही उत्तम चालतात. माल खोटा नव्हताच. केवळ तेथे त्याचा मेळ नव्हता.