न केलेली तडजोड

तडजोड या शब्दाला आपल्या भाषेंत म्हणावी तशी प्रतिष्ठा नाहीं. 'तो मोडेल पण वाकणार नाहीं' असें आपण कौतुकानें म्हणतों. 'त्यानें पडतें घेतलें' हें सांगतांना मात्र आवाज किंचित् खालीं येतो. आम्हीही पुष्कळ वर्षें याच मताचे होतों. तें मत ढिलें होण्यास २०१६ सालची उन्हाळ्याची सुटी कारण झाली. ती आम्हीं अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत, आमच्या पुतण्याकडे घालविली.

पुतण्या तेथील एका सरकारी विद्यापीठांत अध्यापक. आम्ही पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं तो आम्हांस विद्यापीठ दाखविण्यास घेऊन गेला. इमारती भव्य, ग्रंथालय विस्तीर्ण. परंतु कित्येक खोल्यांचीं दारें बंद, आणि त्यांवरील नांवांच्या पाट्या काढलेल्या. आम्हीं कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, "काका, राज्याचें अंदाजपत्रकच झालेलें नाहीं, गेल्या जुलैपासून." आम्हांस ती थट्टा वाटली. सव्वा कोटीहून अधिक वस्तीचें, शिकागोसारखें नगर पोटांत बाळगणारें राज्य अंदाजपत्रकावांचून वर्षभर चालतें कसें?

"चालतें, हेंच तर दुखणें आहे," तो म्हणाला. त्या उत्तराचा अर्थ उमगण्यास आमची उरलेली सुटी खर्ची पडली.

हकीकत थोडक्यांत अशी. २०११ सालीं त्या राज्यानें प्राप्तीवरील कर तात्पुरता वाढवून शेंकडा ५ केला होता. १ जानेवारी २०१५ रोजीं तो ठरल्याप्रमाणें ३.७५ वर उतरला. त्याच महिन्यांत रिपब्लिकन पक्षाचे ब्रूस राउनर गव्हर्नर झाले. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचें, आणि प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष मायकेल मॅडिगन हे राजकारणांत मुरलेले गृहस्थ. राउनर म्हणत, घरपट्टी गोठवा, कामगार संघांच्या अधिकारांस आळा घाला, लोकप्रतिनिधींच्या कारकीर्दीस मुदत घाला; मग कर वाढविण्याचें बोलूं. मॅडिगन म्हणत, या गोष्टींचा जमाखर्चाशीं संबंध काय? त्यांनीं मध्यम वर्गाची मिळकत मात्र घटेल. विधिमंडळानें उत्पन्नाहून खर्च मोठा असलेलें अंदाजपत्रक धाडलें; गव्हर्नरांनीं शाळांचें अनुदान तेवढें मंजूर करून बाकीचें बहुतेक नाकारलें. दोन्ही बाजूंस सांगण्यासारखें कांहीं तत्त्व होतें. आणि तत्त्वासाठीं भांडणारा माणूस स्वार्थासाठीं भांडणाऱ्यापेक्षां उशिरां थकतो.

पैसा अडला म्हणजे सामान्यतः ओरड होते, आणि त्या ओरडीनें भांडणारे शुद्धीवर येतात. येथें तसें झालें नाहीं. सरकारी नोकरांचे पगार न्यायालयाच्या हुकुमानें चालू राहिले. गरिबांच्या औषधोपचारांचा बराचसा खर्चही न्यायालयाच्या आज्ञेनेंच निभावला. शाळा वेळेवर उघडल्या. ज्याला कोर्टाचें दार गांठतां आलें, किंवा ज्याच्या ओरडण्याची भीति होती, त्याची सोय लागली. मग उरले कोण? घरोघरीं जाऊन वृद्धांची सेवा करणाऱ्या, व्यसनी माणसांस सांवरणाऱ्या संस्था, सरकारी विद्यापीठें, आणि गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या. जानेवारी २०१६ मध्यें लूथरन सोशल सर्व्हिसेस ऑफ इलिनॉय या संस्थेनें तीसहून अधिक कामें बंद केलीं व ७५० जागा कमी केल्या. पुढच्याच महिन्यांत शिकागो स्टेट विद्यापीठानें आपल्या सुमारें ९०० नोकरांस, झाडून सर्वांस, नोकरी जाण्याची शक्यता कळविणाऱ्या नोटिसा दिल्या. सरकारी सोडतींत मोठें बक्षीस जिंकलेल्यांसही २०१५ सालीं कांहीं काळ नुसत्या वायद्यावर समाधान मानावें लागलें. तिकिटांची विक्री मात्र अखंड चालू होती! शिवाय थकलेल्या पुष्कळशा बिलांवर कायद्यानेंच दरमहा शेंकडा १ व्याज चढत होतें. म्हणजे जो पैसा कोणाच्याच मुखीं लागला नाहीं, तोही खर्च होतच राहिला.

तडजोड न होणें म्हणजे कांहींच न होणें, अशी आमची समजूत होती. ती चूक होती. अंदाजपत्रक न करणें हेंही एक अंदाजपत्रकच असतें. फरक इतकाच कीं, कोणाच्या पानांतलें काढावयाचें हें त्यांत कोणीं ठरविलेलें नसतें, त्याखालीं कोणाची सही नसते, आणि म्हणून त्याचा जाबही कोणास विचारतां येत नाहीं.

एके दिवशीं पुतण्याकडे त्याची एक विद्यार्थिनी आली होती. तिच्या शिष्यवृत्तीची रक्कम राज्याकडून आली नव्हती. वर्षभर विद्यापीठानें ती पदरची भरली, पण पुढील वर्षाची शाश्वति नव्हती. ती शिक्षण थांबवून एका दुकानांत नोकरी धरणार होती. तिच्या बोलण्यांत संताप नव्हता. "रागवावें तरी कोणावर, तें समजत नाहीं," इतकेंच ती म्हणाली.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागेना. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयास दीड लाख रुपयांचें अनुदान मिळालें होतें. त्यांतून इंग्रजी वाङ्मयाचे संदर्भग्रंथ घ्यावेत हा आमचा आग्रह. क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती घ्याव्यात हा विज्ञान शाखेच्या एका सहकाऱ्यांचा. निम्मे-निम्मे करण्याची सूचना बिचाऱ्या ग्रंथपालांनीं तीनदां केली. तिन्ही वेळां आम्हीं उच्च शिक्षणाच्या ध्येयावर भाषण दिलें. ३१ मार्च उलटला आणि रक्कम परत गेली. त्या संध्याकाळीं ताठ मानेनें घरीं येऊन आम्हीं पत्नीस सांगितलें, "शेवटपर्यंत माघार घेतली नाहीं!" ती म्हणाली, "बरें झालें. पण पुस्तकें कोणतीं आलीं?" तेव्हां तो प्रश्न आम्हांस अप्रस्तुत वाटला होता. राउनर आणि मॅडिगन या दोघांस मनांतल्या मनांत दूषणें देण्याचा आमचा अधिकार त्या रात्रीं संपला.

नामदार गोखल्यांचेंही त्या वेळीं स्मरण झालें. १९०२ सालीं ते वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले, तेव्हां सभासदांस त्यावर मत देण्याचा अधिकारच नव्हता. बोला आणि खालीं बसा, इतकीच मुभा. तरी मिठावरील कराची एकेक कवडी कमी व्हावी म्हणून ते झगडले, आणि त्याबद्दल स्वकीयांकडून 'मवाळ' ही पदवी त्यांनीं सोसली. ज्यांच्या हातीं मत नव्हतें त्यांनीं जमाखर्चाची एवढी चाड बाळगावी, आणि ज्यांच्या हातीं सर्व कांहीं होतें त्यांनीं तो कागद कोरा ठेवावा!

इलिनॉयचा पेंच अखेर ६ जुलै २०१७ रोजीं सुटला. मध्यंतरीं सहा महिन्यांचें एक ठिगळ लावून झालें होतें. थकलेल्या बिलांचा डोंगर १,४०० कोटी डॉलरांच्या वर गेला होता. गव्हर्नरांच्याच पक्षाच्या कांहीं सभासदांनीं त्यांचा नकार झुगारून विरोधकांबरोबर मत दिलें. प्राप्तीवरील कर ठरला शेंकडा ४.९५, म्हणजे २०१४ सालीं जो होता, जवळजवळ तोच! दोन वर्षांची पायपीट करून मंडळी निघालीं होतीं त्याच उंबरठ्यावर परत आलीं. २०१८ च्या निवडणुकींत राउनर पराभूत झाले. पण ज्यांनीं पक्षाची शिस्त मोडून मत दिलें, त्यांच्याही वांट्याला हार-तुरे आले नाहींत. त्यांतील कित्येक पुन्हा निवडणुकीस उभेच राहिले नाहींत. तडजोड करणाराचे पुतळे कोणी उभारीत नाहीं.

परत आल्यावर ग्रंथालय समितीच्या पहिल्याच बैठकींत आम्हीं निम्म्या-निम्म्याची सूचना आपण होऊन मांडली. सहकारी चकित झाले. ग्रंथपालांनीं तर आमच्या प्रकृतीची चौकशी केली. दोन्ही प्रकारचीं पुस्तकें आलीं. क्रमिक पुस्तकांच्या त्या प्रती हाताळून हाताळून आतां पार फाटल्या आहेत. आमचे संदर्भग्रंथ मात्र अद्याप नवेकोरे आहेत.