मागच्या चाकांचे ब्रेक

माणसाला उतारवयात देव आठवतो म्हणतात. मला तो उतारावर आठवला. नेमके सांगायचे तर कुंभार्ली घाटाच्या मधोमध, मे महिन्यातल्या दुपारी एक वाजता.

मेहुण्याच्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही पुण्याहून चिपळूणला निघालो होतो. पुढे मी आणि सौ., मागे सात वर्षांची नात, आहेराच्या पिशव्या आणि लाडवांचा डबा. मोटार आमचीच, २००५ सालची मारुती ८००. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना ड्रम, आणि आत बसणाराची प्रसंगी धक्का मारायची तयारी, एवढी तिची सामग्री. पंधरा वर्षे भरल्यावर तिची नोंदणी पुन्हा करून घेतली तेव्हा मला घरात जावई आल्याचा आनंद झाला होता.

तर घाट उतरताना पायाखालचा ब्रेक एकाएकी मऊ पडला. लोण्याच्या गोळ्यात पाय रुतावा तसा तो थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, हँडब्रेक ओढला, कसाबसा खालचा गिअर पाडला, आणि मोटार कडेच्या खडीच्या ढिगात नाक खुपसून थांबली. पिशव्या पुढे आल्या. लाडू कुठे गेले ते दुसऱ्या दिवशी कळले.

"आजोबा, आपण का थांबलो?" नातीने विचारले.

"इंजिनाला जरा विश्रांती हवी होती ग," मी म्हणालो. सौ. काहीच बोलली नाही. ती बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही.

लग्न पार पडले, चिपळूणच्या एका कारागिराकडून तात्पुरती डागडुजी करून आम्ही परतलो, आणि मग घरी ती शांतपणे म्हणाली, "अहो, पोर आईबापांनी आपल्या भरवशावर पाठवली होती. एक तर मोटार विका, नाहीतर तिचे ब्रेक नीट करा."

मोटार विकणे शक्यच नव्हते. तेव्हा मी पुतण्याला बोलावले. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे त्याला सगळे येते, फक्त करायचे राहिले आहे.

"सोपं आहे, काका. मागंही डिस्क टाका. मोठ्या गाड्यांना चारी चाकांना असतात."

"खर्च?"

"नवं नको. जुन्या बाजारात कॅलिपर शोधू. दहा हजारांत होईल."

दहा हजार हा आकडा माझ्या मनात भरला. मी अभ्यासाला लागलो. डिस्क ब्रेकचे पेटंट लँचेस्टर या इंग्रज गृहस्थाने १९०२ सालीच घेतले होते, आणि १९५३ साली फ्रान्समधल्या 'ल मां'च्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार जिंकली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर, हे वाचून माझी छाती फुगली. तबकडी उघडी असते, तिला वारा लागतो, ती लवकर निवते. उलट ड्रम म्हणजे झाकण ठेवलेले पातेले. आतली ऊब आतच. मला तर घाटातल्या प्रसंगाचे कारणच सापडले!

रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून, काकडी घ्यावी तशी घासाघीस करून, आम्ही दोन कॅलिपर आणले आणि मिस्त्रींकडे गेलो. सौ.ही बरोबर आली. देखरेखीला, असे ती म्हणाली.

मिस्त्रींनी कॅलिपर हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि माझ्या पुढ्यात ठेवले.

"काका, हँडब्रेक कशाला जोडू? तुमचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो. ह्या कॅलिपरला त्याची सोयच नाही. चढावर गाडी उभी करून काय वहिनींना चाकाखाली दगड लावायला उतरवणार?"

पुतण्या गप्प झाला.

"दुसरं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं जातं. उतारावर तर आणखीनच. म्हणून थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागच्यांना जास्त जोर दिला तर ती आधी जाम होतात, आणि मागची चाकं जाम झाली की गाडी गर्रकन फिरते. कंपनीनं पुढच्या-मागच्या ब्रेकचं माप बसवलेलं असतं. ड्रममधला शू तर चाकाच्या फिरण्यानंच आणखी आवळला जातो. डिस्कचं तसं नाही, तिला पायाचा जोर जास्त लागतो. म्हणजे मास्टर सिलिंडरचाही हिशेब बदलला. हे सगळं मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. तुमच्याकडं आहे?"

माझ्याकडे काकडीचा भाव होता.

मग त्यांनी मागची चाकं उघडली. एका व्हील सिलिंडरमधून तेल पाझरत होते, लायनर झिजले होते, पुढचे पॅड कागदासारखे पातळ झाले होते. ब्रेकचे तेल त्यांनी बाटलीत काढले. ते काढ्यासारखे काळे होते.

"हे कधी बदललंत?"

मी आकाशाकडे पाहिले.

"हे तेल हवेतला ओलावा पितं. ताजं असताना दोनशे अंशांच्या वरच उकळतं. पाणी मुरलं की दीडशेच्या आसपासही उकळायला लागतं. घाटात ब्रेक तापले, तेल उकळलं, वाफ झाली. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं." आणि मग त्यांनी सहज विचारले, "पण एवढे तापले कसे? गाडी कुठल्या गिअरला होती?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. पुतण्याने पाहिले. वाचकहो, घाटापासून त्या क्षणापर्यंत ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

"न्यूट्रलला," मी म्हणालो. "पेट्रोल वाचावे म्हणून."

सारा घाट इंजिनाने धरायचा भार मी बिचाऱ्या ब्रेकवर टाकला होता.

"आणि वाचत काहीच नाही," मिस्त्री हळूच म्हणाले. "ह्या इंजिनाला गिअरमध्ये ठेवून पाय काढला की ते उतारावर पेट्रोल घेणंच बंद करतं. न्यूट्रलला मात्र चालू राहायला थोडंथोडं पीत बसतं."

म्हणजे न वाचलेल्या पेट्रोलसाठी मी नातीचा जीव टांगणीला लावला होता. घरी येताना सौ. एवढेच म्हणाली, "मला तेव्हाच सांगायचं होतंत." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही.

सिलिंडर, लायनर, पॅड, नवे तेल आणि मजुरी मिळून तीन हजार आठशे रुपये झाले. कॅलिपर माळ्यावर आहेत.

गणपतीत आम्ही पुन्हा चिपळूणला गेलो. घाटमाथ्यावर थांबून मी दुसरा गिअर टाकला आणि मोटार कुरकुरत, पण शहाण्यासारखी खाली उतरली. नातीला आता सगळे ठाऊक आहे. मागून ती प्रत्येक वळणावर विचारत होती, "आजोबा, दुसराच आहे ना?" आणि शेजारी बसलेली सौ. समोरच्या दरीतले धबधबे सोडून गिअरच्या दांड्याकडे पाहत होती.